भाच्यांना दाखवलेलं यवतमाळ

बोंडअळीनं कापूसवाल्यांना पार नागवलं, त्या वर्षांत आमच्या आर्णीकडच्या पोरी शेती करणाऱ्या मुलाला तोंडावर नाही म्हणू लागल्या. माझ्या थोरल्या भाचीनं दोन स्थळं परत पाठवली. तिसरं कळंबकडचं आलं, तेही कापूसवाल्याचंच. तेव्हा भावाचा फोन आला.

"पोरीइले आठ दिवस तुयाकडे पाठोतो. शहर कसं असते ते दाखव तिले. मंग बरोबर हो म्हणन."

दोघी बहिणी नवे ड्रेस घालून यवतमाळला उतरल्या. मी दुकानात बसते, असं गावात सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या सकाळी मी त्यांना, जिथं खरकटी ताटं घासते त्या मेसमध्ये नेलं. धाकटी म्हणाली, "आत्या, दुकान कुठी आहे?" मी तिच्या हातात घासणी दिली.

भावाचं काम मी मन लावून केलं, खोटं कशाला बोलू. तापलेली पत्र्याची खोली दाखवली, चार बिऱ्हाडांत मिळून एक संडास दाखवला. नळ पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही, म्हणून पाण्याच्या ड्रमला मी कुलूप लावायची. एक दिवस ते उघडं राहिलं आणि थोरलीनं बादलीभर पाण्यानं अंघोळ केली. पाहुण्यापुढे आधी पाय धुवायला तांब्या ठेवणाऱ्या घरातली मी, पण शेजाऱ्यांसमोर तिला घालूनपाडून बोलले. ती रडली. काम फत्ते झालं, असं वाटून मी खूश झाले. त्या खुशीची मला आजही लाज वाटते.

परतीच्या गाडीत बसल्यावर थोरलीनं खिडकीतून विचारलं, "आत्या, तू येतं का मंग गावाले राहाले? बाबानं तुले कितीदा बोलावलं."

मी कंडक्टरला गाडी कधी सुटते ते विचारत बसले. पत्र्याखाली मरेन, पण पुन्हा कापूस वेचायला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढं तिला सांगितलं नाही.

महिन्याभरात तिनं कळंबला होकार दिला. लग्नात भावानं मला साडी नेसवली, चारचौघांत माझे गोडवे गायले. भाची पाया पडायला वाकली तेव्हा मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, "बाई, मी नसती आली गावाले."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "पण तू मले ठेवून थोडीच घेतलं असतं."