मेश्रामभाऊंचं न्हाणीघर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये चार्जरच्या वायरी साठतात ना, तसे ते साठतात. कोणी ठेवल्या ते आठवत नाही आणि एक ओढावी तर दहा निघतात! परवा मेश्रामभाऊंची खुर्ची हलवायचं निघालं आणि तेच झालं.

आमचं ऑफिस धंतोलीत, एका औषधाच्या दुकानावर. माणसं तीन. पराते साहेब मालक, मेश्रामभाऊ प्रोग्रामर आणि मी, अर्चना, टेस्टिंगवाली; म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारी. आम्ही दवाखान्यांसाठी चॅटचा प्रोग्राम बनवतो. वॉर्डातून सिस्टर मेसेज टाकते, तो बाहेरगावच्या नातेवाइकाला मोबाईलवर मिळतो.

त्यात मेश्रामभाऊंची एक फाईल आहे. मजकूर साफ करणं, मापात कापणं, जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणणं, अशी बारीकसारीक कामं करणारी. तिला ते न्हाणीघर म्हणायचे. "येनाऱ्या हरेक मेसेजनं आधी आंघोळ कराची, मंगच घरात याचं!"

*

पहिल्याच दवाखान्यात फजिती झाली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डाच्या सूचनांची जुनी फाईल दिली, कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. आमच्या स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम! डॉक्टर भडकले. "हे काय दाखवून राहिले तुम्ही मले?"

पराते साहेबांना घाम फुटला. मेश्रामभाऊ शांत. "मराठीच हाय साहेब. फक्त आंघोळ बाकी हाय."

तीन दिवस कागद घेऊन एकेका खुणेचं अक्षर लावत बसले. चौथ्या दिवशी सूचना नीट उमटली आणि आनंदाच्या भरात त्यांनी ती वॉर्डातच खड्या आवाजात वाचली. "रुग्णालयात मोठ्याने बोलू नये!"

तो आवाज काय सांगू! खालचा औषधवाला जिना चढून यायचा. "भाऊ, हळू बोला ना. गिऱ्हाईक काय मागून राहिलं, मले ऐकूच येत नाही."

*

हा किस्सा हसण्याचा नाही. मौद्याच्या एका माणसाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. सिस्टरनं लिहिलं, "ऑपरेशन झालं, पण रक्त थांबत नाही, लगेच या." आमचा प्रोग्राम मोबाईलवर वरच्या पट्टीत मेसेजचा फक्त सुरुवातीचा तुकडा दाखवायचा. त्या माणसाला दिसलं, "ऑपरेशन झालं".

तो सावकाश निघाला. वाटेत सीताबर्डीला उतरून संत्रा बर्फीचा डबा घेतला, सिस्टर लोकांसाठी. वॉर्डात पोचला तेव्हा वडिलांचा पलंग रिकामा होता. डबा हातातच राहिला.

कोणी आम्हाला दोष दिला नाही. पण मेश्रामभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी कापायचा कोड पुसून नवा लिहिला. मेसेज मोठा असला तर आता पट्टीत एकच वाक्य येतं, "पूर्ण वाचा." संत्रा बर्फी मात्र त्यांनी पुन्हा तोंडात घातली नाही. दिवाळीत मी आग्रह केला तर म्हणाले, "नोको वं अर्चना. तो डबा दिसते मले."

*

चार वाजता खालच्या टपरीवर चहाला जायचं, हा आमचा नेम. बोलवायची मेश्रामभाऊंची रीतही ठरलेली. आमच्याच चॅटवर, आमच्या तिघांच्या ग्रुपमध्ये, स्पेस दाबून मेसेज पाठवायचा. रिकामा निळा डबा आला की उठायचं!

"शब्द काहून वाया घालवाचे? येनाऱ्याले समजते," म्हणायचे.

मग एक दिवस गोंदियाकडून एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा आयसीयूत होता. रडत म्हणाली, "रिकामा मेसेज आला हो. सांगाले काही उरलंच नाही का?"

मुलगा ठीक होता. ॲप्रनच्या खिशात सिस्टरच्या मोबाईलचं बटण दाबलं गेलं होतं, एवढंच. पण मेश्रामभाऊंनी त्याच दिवशी न्हाणीघरात एक नवी तपासणी घातली. रिकामा मेसेज असेल तर सर्व्हरनं तो पुढे पाठवायचा नाही, फक्त नोंद ठेवायची. कोडच्या वर त्यांनी आपल्या भाषेत लिहून ठेवलं, "रिकामा मेसेज. वाचनारा घाबरते. फेकून द्या."

आमचा चहाचा इशाराही त्यात बंद पडला. "चला, आपल्याले आवाज देल्ला हाय देवानं," म्हणाले आणि त्या दिवसापासून चहाला हाक मारू लागले. औषधवाल्याने कपाळाला हात लावला!

*

दोन वर्षांनी त्यांचा घसा बसला. सर्दी म्हणून महिनाभर काढले. मग तपासण्या झाल्या आणि ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागली. दवाखाना आमच्या शेजारच्या गल्लीतला, चालत चार मिनिटं.

मी भेटायला गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मोबाईल उचलला आणि समोर बसलेल्या मला मेसेज पाठवला. "काहून रडून राहिली वं? आता मायं सारं बोलनं न्हाणीघरातून जाईन. एकदम स्वच्छ!"

मी हसले आणि घरी जाऊन खूप रडले.

रोज चारला पराते साहेब आणि मी तिथं जायचो. मग त्यांना ताप चढू लागला. डॉक्टर म्हणाले, गर्दी करू नका. साहेबांनी भाऊंना सांगितलं, "तुमाले बरं वाटलं का मेसेज टाका. आमी चार मिनिटांत येतो." भाऊंनी अंगठा दाखवला.

आम्ही वाट पाहिली. दहा दिवस मेसेज आला नाही. औषधांनी गुंगी असेल, आराम करू दे, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. अकराव्या दिवशी फोन आला तो वहिनींचा.

*

महिन्याभराने वहिनी त्यांचं सामान न्यायला ऑफिसात आल्या. चष्म्याची डबी, मग, एक स्वेटर. खुर्चीवर थोडं बसल्या. मग पर्समधून भाऊंचा मोबाईल काढला.

"शेवटी शेवटी बोटं चालत नव्हती त्याहीची," त्या म्हणाल्या. "अक्षर उमटत नव्हतं. तरी चार वाजले का मोबाईल मागत. काहीतरी दाबत आन् दाराकडे पाहत राहत. हे पाहा."

आमचा ग्रुप उघडा होता. शेवटी एकाखाली एक रिकामे निळे डबे. पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर ते उमटतात. फेकले जातात ते पुढे, सर्व्हरवर. मी माझ्या कॉम्प्युटरवर नोंदी उघडल्या. मेश्राम, चार वाजता, रिकामा मेसेज, फेकला. दुसऱ्या दिवशी चार वाजता, फेकला. दहाही दिवस.

"तुमाले भेटत होते ना हे?" वहिनींनी विचारलं.

पराते साहेब माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत होते. ते सांगू लागले, "वहिनी, त्याचं असं हाय, भाऊंनी सोताच त्या फाईलीत..."

मी स्क्रीन बंद केली.

"भेटत होते वहिनी," मी म्हणाले. "रोज भेटत होते."

वहिनींनी मान हलवली. मोबाईल पदराने पुसला आणि पर्समध्ये ठेवला.

"मी बी त्याहीले तेच सांगत होती," त्या म्हणाल्या. "कामात असतीन, म्हनलं. येतीन."