जोर ‘रे’वर

माद्रिदच्या नातीशी बोलता यावं म्हणून मी स्पॅनिश शिकते आहे. पोळ्या लाटताना क्रियापदं फोडते: कान-ता-रे-मोस, म्हणजे ‘आपण गाऊ’. जोर ‘रे’वर, तिथे लाटणं पोळपाटावर आपटायचं. काल व्हिडिओ कॉलवर नातीला तेच म्हणून दाखवलं.

“आई, अगदी अचूक गं!” लेक म्हणाली.

मागे सोफ्यावर तिच्या स्पॅनिश सासूबाई बसल्या होत्या. त्यांनीही तोच शब्द म्हटला, अर्धा गिळून, गुणगुणल्यासारखा. पोर धावत जाऊन त्यांच्या मांडीत शिरली.

जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? जोर कुठे द्यायचा, हे परक्यांनाच शिकावं लागतं. त्या बाईला नियम कशाला हवेत? तिच्याजवळ मांडी आहे.

आज लाटणं प्रत्येकच अक्षरावर आपटतंय.