सरांचं ‘ऑन द मेंड’

“भाऊजी, सर गेले,” सुजाता वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या. नवऱ्याला त्याही सरच म्हणत. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. पण इंदोरा वस्तीतल्या त्याच्या घरी, पुढच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास सुरू झाला आणि त्याचं नाव सगळे विसरूनच गेले. आजारपण लांबलं होतं, तेव्हा बातमी काही अनपेक्षित नव्हती. 

मिहानच्या आयटी पार्कातल्या कंपन्यांच्या मुलाखतीत आपटून आलेल्या पोरांना तो समोर उभं करायचा आणि घोकून घ्यायचा. ‘बाउन्स बॅक’, म्हणजे पुन्हा उसळी घेणं. ‘बॅक ऑन माय फीट’, पुन्हा पायावर उभा. ‘ऑन द मेंड’, सुधारतोय. मला हसू यायचं. “काहून इंग्रजी फाडून राहिला गा? पडला तं ऊठ, एवढंच सांग ना त्यायले.” तो म्हणायचा, “मराठीत सांगितलं का पोट्टे रडतात गा. इंग्रजीत म्हटलं का छाती काढतात.” म्हणणं खोटं नव्हतं.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ‘पाणी’ म्हणता येईना, बायकोचं नाव येईना. उरली ती फक्त क्लासमधली घोकलेली वाक्यं, तीही खणखणीत. जन्माची मराठी गेली आणि शिकवायची इंग्रजी राहिली. दैवानं थट्टा करावी तरी किती! जुने विद्यार्थी भेटायला येत. “सर, कसं वाटून राहिलं?” “ऑन द मेंड.” पोरं खूश होऊन ग्रुपवर कळवत. तोवर वहिनी त्याच्या पाठीखालची उशी सरकवत, नाहीतर पाणी पाजत. तहान, कळ, खिडकी लावा... सगळ्याला तीच दोन-तीन वाक्यं होती. सूर तेवढा वेगळा असायचा आणि तो फक्त वहिनींना कळायचा.

शेवटच्या दुपारी त्या औषध आणायला गेल्या होत्या. मी एकटाच जवळ बसलो होतो. त्याने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. “बॅक ऑन माय फीट.” पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी पाणी पुढे केलं, त्याने तोंड फिरवलं. पंखा कमी केला, पाय चेपले. काहीच जमेना तेव्हा म्हटलं, “हो गा, होशील उभा.” त्याने हात सोडला आणि डोळे मिटले. वहिनी परतल्या तेव्हा त्याला झोप लागली होती. त्या झोपेतून तो उठला नाही. मी घरी पोचतो न पोचतो तोच फोन आला. मला त्या फोनपेक्षा ती दुपारच जास्त छळते.

आता गेलो की वहिनी चहा देतात आणि समोर बसतात. “भाऊजी, त्या दुपारी सरनं कसं म्हटलं होतं? म्हणून दाखवा ना.” मी म्हणून दाखवतो. त्या डोळे मिटून ऐकतात, मग मान हलवतात.

“असं नाही म्हणत ते. अजून एकदा म्हणा.”