हिरव्या सरदाराचा घोडा

"चारचौघांत आपला तमाशा होता कामा नये," हे हार्लन लिंडगार्डचं आयुष्यभराचं म्हणणं. चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले की तो नुसते ओठ हलवी. बायकोला माती देऊन घरी आला तेव्हा त्यानं आधी घोड्यांना पाणी दाखवलं, मग तबेल्याचं दार आतून लावून घेतलं. इलिनॉयच्या त्या सपाट मुलखात मका संपला की लगेच आभाळ सुरू होतं, आणि अशा माणसाला लोक भला माणूस म्हणून मोकळे होतात.

म्हणून नातीच्या, टेसाच्या, नवव्या वाढदिवसाला त्यानं आपण होऊन हमरस्त्यावरच्या किल्ल्यात जेवायला जाऊ म्हटलं, तेव्हा त्याची मुलगी मार्लीस हिला वाटलं, बाबांना ताप आला असावा. किल्ला सिमेंटचा. आत वाळूचं रिंगण, भोवती जेवायची बाकं, आणि लोक जेवत असताना चिलखत घातलेले सरदार घोड्यांवरून भाल्यांनी लढतात. रविवारी दुपारी दोनचा खेळ.

कारण गाडीत बाहेर पडलं.

"बिस्किट आहे तिथं," हार्लन समोरच्या रस्त्याकडं बघत म्हणाला.

मार्लीसनं गाडीचा वेग कमी केला. बिस्किट हा त्याचा शेवटचा घोडा. हार्लनचे स्वतःचे गुडघे गेले, तेव्हा दोन वर्षांमागं किल्लेवाल्यांना दिला. न्यायला ट्रक आला त्या सकाळी हार्लन शेडमध्ये बसून आधीच चकचकीत असलेला नांगराचा फाळ पुसत राहिला. बाहेर आलाच नाही. घोडा मार्लीसनंच चढवला. ट्रकला लावलेल्या फळीवर तो थांबला, शेडकडं मान वळवून दोनदा खिंकाळला. हे तिनं बापाला कधीतरी सांगितलं होतं. त्याला ते ऐकूच आलं नाही, अशी तिची समजूत.

"म्हणजे टेसाचा वाढदिवस नुसता निमित्ताला?"

"वाढदिवस तो वाढदिवसच." मग तो पुढं म्हणाला, "मला एवढंच बघायचंय, त्यानं मनात धरलंय का."

"घोडा आहे, बाबा. विसरला असेल."

"मग तर बरंच."

दारात तिघांच्याही डोक्यावर पिवळे कागदी मुकुट चढले. पिवळा मुकुट म्हणजे पिवळ्या सरदाराची प्रजा. टेसाच्या वाढदिवसामुळं जागा मिळाली ती थेट कठड्याला लागून. वाढणारी पोरगी घागरा सावरत आली.

"या महाराज! पिवळ्यासाठी घसा बसेस्तोवर ओरडायचं. हिरवा आला की हुर्यो करायची!"

"का? त्यानं काय केलं?" हार्लननं विचारलं.

"दुष्ट आहे तो, महाराज. रोज हरतो."

"आणि काटा-चमचा?"

"त्या काळात नव्हते, महाराज. हातानंच खायचं."

हार्लननं ताटातलं कणीस उचलून नीट पाहिलं. "मकाही नव्हता तिकडं युरोपात त्या काळात," तो म्हणाला. पोरीनं ते ऐकलं नाही. आजूबाजूला मोठमोठे बाप्ये कोंबडीची तंगडी हातानं तोडत होते आणि काहीतरी धाडस केल्यासारखे एकमेकांकडं बघून हसत होते.

कर्णे वाजले. हिरवा सरदार आला, आणि त्याच्याखाली बिस्किट. कपाळावर तोच वाकडा पांढरा पट्टा, अंगावर हिरवी मखमल.

"स्पेनच्या डोंगरांत जन्मलेला रणधुरंधर अश्व, वायुराज!" खेळातला राजा गरजला.

"स्पेनचा कसला," हार्लन पुटपुटला. "माझ्या मक्यामागं जन्मला. पाऊण तास ओढून मीच बाहेर काढला."

पिवळी प्रजा उठून हुर्यो करू लागली. टेसा बाकावर चढली. "आजोबा, ओरडा ना!"

"घोड्यानं काय वाकडं केलंय?"

"दुष्टाचा घोडाही दुष्टच असतो!"

बिस्किट कठड्याजवळून तीनदा दौडत गेला, तीनदाही सरळ समोर बघत. हार्लनची कोंबडी ताटात तशीच निवत राहिली. मग त्याचा हात कोटाच्या खिशात गेला, आणि मार्लीस त्याच्याकडं झुकली. त्या खिशात काय असतं, तिला ठाऊक होतं. पेपरमिंटची गोळी. रोज सकाळी तबेल्याच्या दारात तो गोळीचा कागद सोडी, आणि त्या चुरचुरीनं बिस्किट शेताच्या पार टोकावरून धावत येई. हाक मारायची वेळच आली नव्हती.

"बाबा, नको हं. पोरीचा दिवस आहे."

"मी काय केलं?"

शेवटची झुंज. दोघे सरदार दोन टोकांना. राजानं रुमाल उचलला, आणि तो खाली पडेपर्यंत सगळ्या प्रजेनं श्वास रोखायचा, असा तिथला रिवाज. हजार माणसं गप्प झाली. त्या शांततेत हार्लननं कागद दोन बोटांनी पिळला.

बिस्किटचे कान वळले. मग मान, मग सगळा घोडा. रुमाल पडला, पिवळा सरदार भाला रोखून एकटाच दौडत पार गेला. बिस्किट लगामाला न जुमानता कठड्याशी आला, मान आत घालून त्यानं सुपाचा वाडगा लवंडवला आणि हार्लनच्या तळहातावरची गोळी उचलून त्याच्या खांद्यावर तोंड टेकवलं.

हार्लननं डोळे मिटले.

"आजोबा," हिरव्या सरदाराच्या शिरस्त्राणातून कोवळा आवाज आला, "मला हरायचंय अजून. पाठवा ना याला, प्लीज!"

हजार मुकुट त्यांच्याकडं बघत होते. हार्लन उठला. बिस्किटच्या कपाळावरचा पट्टा अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत पुसला. मग मार्लीसनं तिच्या पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता, असा आवाज त्या छाताडातून निघाला. "जा, बाळा! जा आता, कामाला जा!"

बिस्किट क्षणभर थांबला, वळला आणि असा सुटला की हिरव्याला हरण्यासाठी स्वतःच उडी टाकावी लागली. पिवळी प्रजा उभी राहून टाळ्या वाजवत होती. टेसा वायुराजाच्या नावानं ओरडत होती. नियम कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

बाहेर जायची वाट तबेल्यावरून होती. टेसानं हात ओढला, पण हार्लन आत वळला नाही.

"एकदा नीट जा म्हणून झालंय," तो म्हणाला. "दोनदा कशाला?"

भर उन्हात गाड्यांच्या रांगांमधून तो एक पाय ओढत निघाला. पिवळा मुकुट डोक्यावर तसाच होता. लोक बघून हसत होते. मार्लीस त्याला हाक मारणार, तोच तिची नजर मागं गेली. तबेल्याच्या अर्ध्या दारावरून कपाळाचा वाकडा पट्टा बाहेर आला होता. बिस्किटही त्या मुकुटाकडंच बघत होता.