शनिवारचे खून

आमच्या लेखकासारखा माणूस मारणारा मराठीत दुसरा झाला नाही. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. बाकीच्यांच्या कादंबऱ्यांत गोळी लागली की माणूस छातीवर हात ठेवून सावकाश आडवा होतो, जसा काही जेवून वामकुक्षीला निघालाय. आमचा लेखक माणसाला मरायला तीन पानं लावायचा. त्याची माणसं मरताना मारणाऱ्याच्या मनगटाला कडकडून चावायची. त्याचे खुनी दुसऱ्या दिवशी नखांतलं रक्त खरवडता खरवडता वरणभाताच्या वासाने भडाभडा ओकायचे. आणि तरी पुस्तक खाली ठेववत नव्हतं.

मी यवतमाळकडची. आयटीचं वारं सुटलं, खराडीत शेतं जाऊन काचेच्या इमारती आल्या, आणि त्यातल्या एकीत मला टेस्टिंगची नोकरी लागली. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातली भोकं शोधायची. "भांडकुदळ मुलीला याहून चांगली नोकरी कुठली मिळणार," असं लायब्ररीवाल्या मावशी माझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या. मंडईमागच्या बोळात त्यांची लायब्ररी होती. एकदा त्यांच्या टेबलापाशी आमच्या लेखकाच्या एकाच पुस्तकावरून तिघांची जुंपली. एक मी, दुसरे मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे आडते शेठ, आणि तिसरा खराडीचाच एक शेतकरी, ज्याला पुढे आम्ही सगळे दादा म्हणायला लागलो. मावशी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "इथे पुस्तकं मिळतात. मतं बाहेर जाऊन द्यावीत." आम्ही बाहेर गेलो. दहा मिनिटांनी मावशीच शटर ओढून आमच्या मागोमाग आल्या, कारण आम्हा तिघांचंही मत चुकीचं आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

शेठ म्हणाले, "माझ्या गाळ्यावर चला. शनिवारी बाजार बंद, भांडायला जागाच जागा." तेव्हापासून दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं बटाट्याच्या पोत्यांवर बसायला लागलो. नुसत्या मतांवर भागेना म्हणून शेठनी एक रीत पाडली. पुस्तकातला खून करून बघायचा. लेखक लिहितो की गळ्यात दोरी टाकून एका झटक्यात ओढला, तर आम्ही पोत्याला दोरी टाकून ओढायचो. तो लिहितो की हमालाचा आकडा बरगडीत रुतला, तर शेठ भिंतीवरचा आकडा काढून पोत्यात हाणायचे आणि म्हणायचे, "बघा, मनगट असं वळवलं तरच निघतो. लेखकाने हमाल बघितलाय, नुसता ऐकलेला नाही." मग लेखकाला मार्क द्यायचे. मावशी कंजूष होत्या. "खून बरा आहे, पण एवढ्या रक्तात इन्स्पेक्टर पाय न घसरता कसा चालतो?" कोयत्याचं काम दादाकडे. उसाचा हात होता त्याचा. कोयता फिरला की पोतं सपकन उभं फाटायचं, बटाटे गडगडत यायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. चांगली शिकलीसवरलेली माणसं, अन् टाळ्या वाजवत होतो बाप्पा!

दादाची हकिकत आम्हाला ठाऊक होती. त्याने ती कधी लपवली नाही. माझी कंपनी ज्या जागेवर उभी आहे ते त्यांचं रान. थोरल्या भावाने बिल्डरशी परस्पर ठरवलं. बुलडोझर आला त्या दिवशी म्हातारे वडील विहिरीच्या काठावर जाऊन बसले आणि उठेनात. थोरल्याने त्यांना दंडाला धरून फरफटवलं. तरी उठेनात म्हणून सगळ्या गावासमोर बापाच्या कमरेत लाथ घातली. खुबा मोडला. म्हातारा खाटेवर पडला तो चौघांच्या खांद्यावरच उठला. "लाथंचा आवाज आला व्हता," दादा म्हणायचा. "फांदी मोडल्यावानी." मी त्या ऑफिसात डबा खायला बसले की हे आठवायचं आणि डबा तसाच झाकून ठेवायचे. थोरल्याचा मला भयंकर राग होता. कोणी त्याला बडवला असता तर मी पेढे वाटले असते.

मग आमच्या लेखकाचं ते पुस्तक आलं ज्यात खुनी सुटतो. तोवर त्याच्या प्रत्येक पुस्तकात खुनी सापडायचा. या वेळी एक मुनीम जुलमी मालकाचा मुडदा पाडतो, आणि शेवटच्या पानावर शांतपणे चहा पीत बसलेला असतो. गाळ्यावर रणकंदन झालं. मावशी कडाडल्या. "लेखकाला लाज नाही? हे वाचून उद्या कोणीही उठेल आणि कोयता घेईल." शेठ म्हणाले, "अहो मावशी, मालक मरायच्याच लायकीचा होता." मी म्हटलं, सुटला तर सुटला, पण कसा सुटला ते पटलं पाहिजे.  दादा एवढंच म्हणाला, "म्हंजे सुटता येतं."

पुढच्या शनिवारी त्याने स्वतःची गोष्ट आणली. लेखकाचं पुस्तक वर्षातून एकदा यायचं, त्यामुळे मधल्या दिवसांत कोणीतरी आपला खून रचून आणायचा आणि बाकीच्यांनी तो फोडायचा, ही आमची नेहमीचीच करमणूक. दादाच्या गोष्टीत वीटभट्टीचा एक मालक होता. तो रोज सकाळी एका नव्या इमारतीमागे जुन्या दगडी हौदावर तोंड धुतो. साबण चोळतो, डोळे मिटून फुर्र फुर्र करतो. तेवढ्यात मागून कोयता. हौदातच हात धुवायचे, कुंपणातून पलीकडे. शेठ खूश. मावशींनी चक्क मान डोलावली. मी माझ्या सवयीने फाडकन म्हटलं, "आणि इमारतीचा वॉचमन? त्याची केबिन हौदाकडेच तोंड करून असणार. तो बघेल ना!" दादाने माझ्याकडे बघितलं. "खरं हाय ताई," तो म्हणाला. "ह्ये माझ्या ध्यानात नव्हतं आलं."

त्याच्या पुढच्या शनिवारी तो आला आणि बसता बसता म्हणाला, "वॉचमनचं झालं." आम्ही गोष्टीत झालं असं समजलो. मावशींनी विचारलं, "म्हणजे काय केलंत त्याचं?" तो म्हणाला, "पाय मोडला, नडगीपासनं. आता केबिनीत कुणी बसत न्हाई." शेठ वाहवा म्हणाले. मीही हसले.

सोमवारी ऑफिसच्या मागच्या गेटवर आमचा वॉचमन नव्हता. लातूरकडचा गरीब माणूस, येताजाता "मॅडम, जेवण झालं का" विचारायचा. टपरीवाला म्हणाला, परवा शनिवारी पहाटे कोणीतरी पहारीने त्याचा पाय नडगीपासून फोडला. हाड बाहेर आलं होतं. का, कशासाठी, काही पत्ता नाही. खिशाला तर हातही लावला नाही. मी जिन्याने वर पळाले. चौथ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खिडकी होती, तिच्यातून मी आजवर कधी वाकून बघितलं नव्हतं. कुंपणापलीकडे दगडी हौद. त्यावर एक माणूस वाकलेला. दादाचंच नाक, दादाचेच खांदे, फक्त दुप्पट जाड, गळ्यात साखळी. तोंडभर साबण, डोळे मिटलेले, फुर्र फुर्र चाललेलं. पलीकडे बंगला बांधला होता, तरी तोंड धुवायला जुन्या हौदावरच येत होता.  वॉचमन मी दाखवला होता, आणि तो दादाने खरोखरच बाजूला केला होता.

मी दादाला फोन लावला. म्हटलं, "दादा, तो वॉचमन खरा होता."  तो अगदी मायेने म्हणाला, "ताई, गोष्ट शनिवारीच फोडायची. फोनवर न्हाई." आणि फोन ठेवला.

आता करायचं काय? पोलिसांत जाऊन काय सांगणार, की साहेब, मी एक गोष्ट ऐकली? हसून हाकलून दिलं असतं. शनिवारी आणखी एखादं भोक दाखवावं, तर हा तेही बुजवणार, आणि त्यात आणखी कोणाचा पाय जाणार. काहीच दाखवू नये, तर रविवारी सकाळी हौद लाल. शेठ-मावशींना सांगितलं. शेठ म्हणाले, "तुझ्या डोक्यात पुस्तकं गेलीत."  मावशींनी नुसतं विचारलं, "वॉचमनचा पाय कुठून मोडला म्हणालीस?" मी म्हटलं, नडगीपासून. त्यांचा चेहरा उतरला.

शनिवारी दादा आला तो कोयता धार लावूनच. आमच्यासमोर त्याने एक पोतं उभं केलं, वाकलेल्या माणसाच्या मानेइतक्या उंचीवर खूण केली आणि एकाच घावात वरचा भाग उडवला. बटाट्यांचे दोन-दोन तुकडे झाले होते. मग त्याने सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, कपडे कुठे जाळायचे, सगळं. शेवटी म्हणाला, "आज शेवटचं. काढा चूक." शेठना घाम फुटला होता. ते पुटपुटले, "नाही बुवा दिसत."  दादा माझ्याकडे वळला. "ताई? तुमचा तर धंदाच हाय."

मी खरंच शोधत होते हो. डोकं फुटेस्तोवर शोधत होते. एकही चूक नव्हती. लेखकालाही इतकं नेटकं जमलं नसतं. तो म्हणाला, "मग झालं तर," आणि उठला. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "थांब! चूक आहे. साक्षीदार आहे." तो म्हणाला, "कोन?" म्हटलं, "मी! मी सांगेन. पोलिसांना सांगेन, कोर्टात सांगेन, तुझ्या बायकोसमोर सांगेन. वॉचमनसकट सांगेन."

"माझ्याइरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध."

"त्या हरामखोरासाठी? ज्यानं माझ्या बापाला..."

"तो मेला तर मला कणभर वाईट वाटणार नाही," मी किंचाळले. "पण तू फासावर जाशील, मूर्खा! तुझं काय करू मी?"

त्याने माझे केस धरले आणि मला पोत्यांच्या थप्पीवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. कोयता वर गेलेला मी बघितला, हात आडवा घातला, आणि मनगटापासून कोपराकडे काहीतरी गरम गरम धावलं. दुसऱ्यांदा कोयता वर गेला. तेवढ्यात मावशींनी, साठी उलटलेल्या काडीसारख्या बाईने, तराजूतलं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. कोयता खाली पडला. दादा बटाट्यांत बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. मावशी त्याला म्हणाल्या, "मीसुद्धा सांगणार आहे. ऐकलंत?" शेठ पोत्याआड ओकत होते, त्यांनीही तिथूनच हात वर केला.

एकाच रिक्षातून आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. मी शेठच्या उपरण्यात हात गुंडाळून, आणि दादा लोंबकळणारा खांदा धरून. रस्ताभर मी त्याला शिव्या घातल्या, यवतमाळच्या आणि पुण्याच्या दोन्ही.  टाके घालणारा डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने विचारलं, "हे कशाने झालं?" शेठ लगेच म्हणाले, "पत्रा लागला हो, गाळ्याचा."

"पत्रा न्हाई," दादा म्हणाला. "कोयता. म्या मारला. लिवा."

शेठनी त्याचा सदरा ओढला. त्याने हात झटकला आणि मोडक्या खांद्याने कळवळला. "त्या कंपनीच्या वॉचमनचा पायबी म्याच फोडला. आन् उद्या सकाळी थोरल्या भावाला मारनार व्हतो, हौदावर. ह्ये समदं लिवा."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्याने भांबावून माझ्याकडे बघितलं. "हे खरं सांगताहेत?"

मी मान हलवली. डॉक्टर लिहायला लागला. दादा त्याच्या पेनाकडे डोळे लावून बसला होता, एकेक शब्द कागदावर उतरेपर्यंत. मग त्याने मला विचारलं, "लिवलं ना समदं?"

"लिहिलं."

"म्हंजे आता त्याला न्हाई मारता यायचं मला," तो म्हणाला, आणि बाप गेला तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो त्या दवाखान्यात सगळ्यांदेखत "बाबा, बाबा" करून हंबरडा फोडून रडला.