योहान मिस्त्री आणि तो रूळ

त्या दिवशी सोमवार होता, १० मार्च १९४७. मिशनच्या बोर्डिंगची मी मेट्रन; मुलींसाठी ज्वारी निवडत बसले होते. तेवढ्यात लोहाराची बैलगाडी फाटकातून आत आली. गाडीत रेल्वेचा जुना रूळ होता, ठोकून सरळ केलेला. त्याच रुळाखाली डिसेंबरात आमचे सुतार योहान मिस्त्री गेले. मिशनच्या कमिटीला तो पुन्हा त्याच शिवणवर्गाच्या हॉलवर चढवायचा होता. मी सूप बाजूला ठेवलं. ज्वारी तशीच राहिली.

मिस्त्री कुणाकडेही गेले की आधी माणसांकडे बघत नसत, वर बघत. खांबावर बोटांनी टकटक करून कान लावत. माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बाई, चहा मागनं टाका, आदी पलंग तिकडं सरकवा. खांब वाळवीनं आतनं खाल्लाय." आगाऊपणाचा राग आला, पण पलंग सरकवला. आठवड्यानं खांब काढला तर आत नुसता भुसा.

शिवणवर्गाच्या हॉलमध्ये सागवानी चार खांब होते आणि वरच्या माळ्यावर मुली झोपत. यंत्रं मांडायला खांब आड येतात, ते काढा, असा अर्ज मीच केला होता. कमिटीनं खांब काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रूळ टाकला. सगळा माळा त्याच्यावर.

मिस्त्री आडवे आले. "चार खांबांतला एक गेला तर तिघं वझं वाटून घेत्यात. ह्यो एकटाच. ह्यो बसला की समदं बसलं."

कमिटीचे सेक्रेटरी हसले. "मिस्त्री, अमेरिकेत लोखंडावर पन्नास मजले उभे आहेत!"

"आसतील सायेब. पन आगीसाटी तितं लोखंडाला कायतरी पांघरून घालत आसतील. आपलं उघडंच हाय. लाकूड जळतं पन सांगून जळतं, करकरतं. लोखंड तापलं की भिंतीला ढकलतं, निवलं की आखडतं, आन् बोलत न्हाई."

"मिस्त्री, मला यंत्रांना जागा हवी आहे, प्रवचन नको," हे मी म्हणाले. दुसरं कुणी नाही.

डिसेंबरात एका दुपारी कोळशाच्या इस्त्रीतला निखारा गाद्यांच्या कापसात पडला. मुली सगळ्या बाहेर निघाल्या. बादल्यांनी आग विझवली तोवर हॉल काळा झाला होता आणि रुळाला झोळीसारखा बाक आला होता. सेक्रेटरी आले. "विझली ना? मग पोरींच्या पेट्या खाली आणवा."

मिस्त्री दारात उभे राहिले. "सायेब, आग इजली, पन रूळ अजून निवतोय. आज कोनी वर जायाचं न्हाई."

"तू सुतार आहेस, सुतारासारखा राहा." आणि त्यांनी दोन थोरल्या मुलींना मागच्या जिन्यानं वर पाठवलं.

मी बादली धरून उभी होते. मुली माझ्या ताब्यातल्या होत्या, नको म्हणायचं काम माझं होतं. मी म्हटलं नाही. मिस्त्री त्यांच्यामागं गेले. वरून त्यांचा आवाज आला, "पेट्या घाला चुलीत! पळा, भवान्यांनो!" मुली धावत खाली आल्या. मिस्त्रींचा गुडघा दुखरा, ते एकेक पायरी उतरत होते. रुळाचं टोक भिंतीतून निसटलं आणि माळा जिन्यासकट खाली आला.

प्रार्थनेत सेक्रेटरी म्हणाले, देवानं आपल्या सेवकाला बोलावून घेतलं. देवानं काही बोलावलं नव्हतं. सेक्रेटरींच्या हट्टानं नेलं आणि माझ्या गप्प बसण्यानं नेलं.

तर, त्या सोमवारी रूळ उतरवून गाडी गेल्यावर मी सेक्रेटरींना गाठलं. खांब घाला म्हटलं.

"बाई, रूळ आता सरळ आहे. एवढं लोखंड पुन्हा मिळणार कुठून? आणि खांब नकोत हा अर्ज तुमचाच आहे. फायलीत आहे."

खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी यायच्या आधी मी पंचवीस थोरल्या मुली, दोर आणि गोल ओंडके घेतले. ओंडक्यांवरून रूळ ढकलत इमारतीमागच्या पडक्या विहिरीपर्यंत नेला आणि आत लोटला.

सेक्रेटरी आले. "रूळ कुठे आहे?"

"विहिरीत."

"कुणी टाकला?"

"मी. या वेळी अर्ज केला नाही. चार खांब उभे राहीपर्यंत माझी एकही मुलगी वर झोपणार नाही."

ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मुलींचे हात गंजानं माखले होते, ते धुवायला लावले आणि त्यांना वर्गात पाठवलं.