चेपलेला दरवाजा

माझ्या नवऱ्याला राग येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. भिवा म्हणजे देवमाणूस, असं अख्खं आंबिवली बोलतं. पालिकेच्या बसवर आयुष्य काढलं, पण कधी कुणा रिक्षावाल्याच्या आईवर गेले नाहीत. मी तशी नाही. मी कलावती, माजिवड्याची, आगऱ्याची पोर. मला राग येतो आणि आला की मी तो ठेवते, लोणच्यासारखा. म्हणून ही गोष्ट मी सांगते. ह्यांना सांगायला लावलं तर दोन वाक्यांत गुंडाळतील आणि चहा मागतील.

कुंडलिक माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या भाताच्या शेतांवर टॉवर उभे राहिले आणि आमच्या दादाचा कुंडलिकशेठ झाला. जेसीबी आले, डंपर आले, गळ्यात बोटाएवढी चेन आली. येऊ दे की. भावाचं बरं झालं तर बहिणीच्या पोटात दुखत नाही. पण पैशाबरोबर त्याची जीभ पण सुटली. जावयाला 'अहो' म्हणायची आमच्यात रीत आहे, हा ह्यांना पोराटोरांसमोर 'भिवा' करून हाक मारायचा, आणि हे आपले 'बोला शेठ' म्हणायचे.

त्याच्या पोराची, ऋतुराजची हळद होती. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. बँजो, डीजे, माणसांचा नुसता महापूर. मंडपाच्या तोंडाशी दादाचाच जेसीबी उभा, बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरलेल्या. नवरदेव आला की वरून ओतायच्या, हे आजकालचं फॅड. सगळं होतं, फक्त केशरबाईला आणायचं सगळे विसरले. केशरबाई म्हणजे गावची धवलारीण. तिने धवला गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. बाहेर एवढ्या मोठमोठ्या गाड्या लागलेल्या, पण म्हातारीची आठवण एकाला नाही. हे गेले, आमच्या जुन्या मारुतीत तिला बसवून घेऊन आले. तिचे गुडघे गेलेले, म्हणून पार मंडपाच्या दारापर्यंत गाडी आणली. म्हातारी उतरली आणि गाडी तिथेच बंद पडली.

समोरून नवरदेवाची मिरवणूक येत होती. दोन पोरांनी धक्का दिला असता तर गाडी बाजूला झाली असती. पण दादाच्या हातात डीजेचा माइक होता. माइकवर बोलला, "भिवाचं भंगार उचला रे, नवरदेव अडलाय."

जेसीबीचा ऑपरेटर बिचारा घुटमळला. दादा परत बोलला. मग त्याने बकेट खाली घेतली आणि आमची गाडी ढकलत नेली. मागचा डावा दरवाजा कागदासारखा आत गेला. बकेटमधल्या पाकळ्या गाडीवर सांडल्या. लोक हसले. सगळे हसले, माझी सख्खी भावजय पण हसली. हे बाजूला उभे होते, हातात केशरबाईची पिशवी. कुणीतरी त्याचं रील केलं, मागे गाणं लावलं. घोडबंदर रोडला माझ्या पोरीचं, रुचिताचं ऑफिस आहे, तिथल्या पोरींनी तिलाच ते रील दाखवलं, की बघ किती कॉमेडी आहे. ती बोलली नाही की ते माझे पप्पा आहेत. घरी येऊन मात्र बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही. मला दादाचा पैसा नको होता, नवीन गाडी नको होती. एक शब्द पाहिजे होता. त्याने ह्यांच्यासमोर उभं राहून 'चुकलो' म्हणायचं, बास. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर बोलला, अगं कले, मस्करी कळत नाही का तुला, हळदीत चालतं. तेव्हापासून मी माहेरचं पाणी प्यायले नाही. भाऊबीजेला ओवाळायला गेले नाही. त्याने ऋतुराजच्या हाताने साडी पाठवली, ती मी तशीच परत पाठवली, पोराला मात्र जेवायला घातलं. लोक बोलले, एवढं काय धरून बसायचं, दरवाजाच तर होता. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं हो, काळ सोकावतो.

आणि हे? हे गप्प. गाडी टेम्पोमागे बांधून आणली, अंगणात शेवग्याखाली उभी केली, वर ताडपत्री टाकली. एक पावसाळा ती तशीच कुजली. मी रोज टोमणे मारायचे. माणसाने अपमान पचवावा, पण ढेकर तरी द्यावा. हे फक्त 'हं' म्हणायचे. त्यांच्या त्या 'हं'ने मला दादापेक्षा जास्त चीड यायची, खोटं कशाला बोलू.

मग रिटायर झाले आणि एका सकाळी ताडपत्री काढली. मला वाटलं, भंगारवाल्याला बोलावणार. तर ह्यांनी अंगणात जुनी चादर अंथरली, मोबाइल शेवग्याच्या फांदीला सुतळीने टांगला, आणि कुठल्यातरी पंजाबी माणसाचा व्हिडिओ बघत बघत बॉनेटखाली डोकं घातलं. आयुष्यभर बस चालवली म्हणजे गाडी उघडता येते असं नाही. एकदा कार्बोरेटर खोलला आणि जोडला, तर दोन स्क्रू उरले. ते हातात घेऊन माझ्याकडे असे बघतायत, जसे काय मीच लपवून ठेवले होते. परत खोलला. दमट हवेत रंग मारला, तर पत्र्यावर पापडासारखे फोड आले, मग सगळा घासून काढला. हात काळे, बनियन काळी, आणि माझ्या टॉवेलांची तर होळीच झाली.

मला उमगलं की हे सोडणार नाहीत, तेव्हा मी पण पदर खोचला. सीट मी शिवल्या. माझ्या शिलाई मशीनवर रेक्झिन, म्हणजे सुयांचा कत्तलखाना. प्रत्येक टाक्याला मी दादाचं नाव घेतलं, आणि प्रेमाने नाही. ह्यांना बोलले, अशी करा की त्याच्या डोळ्यात कुसळासारखी खुपली पाहिजे. हे बोलले, हं.

हळूहळू गाडी माणसात आली. तळाचा कुजका पत्रा बदलला. बंपर कल्याणला जुन्या बाजारात हिंडून मिळवला. ज्या दिवशी इंजिन चालू झालं, त्या दिवशी सायलेन्सरमधून असा धूर निघाला की शेजारीण धावत आली, काय जळलं म्हणून. पण आवाज ऐकलात तर, काय सांगू, गुळगुळीत. पासिंगला हँडब्रेकमुळे एकदा परत पाठवली, दुसऱ्यांदा पास झाली. पांढरीशुभ्र, काचेसारखी. ह्यांच्या तोंडावर इतकं हसू मी आमच्या लग्नात पण बघितलं नव्हतं.

फक्त तो दरवाजा. मागचा डावा. त्याला ह्यांनी घासलं, गंज काढला, रंग दिला, आरशासारखी पॉलिश केली, पण चेप काढला नाही. जसा जेसीबीने आत घातला तसाच. आतून उघडत पण नव्हता, बाहेरून हँडल वर करून खेचायला लागायचा. मी भांडले. अहो, ठोकून, वर लांबीचा लेप भरून सरळ करायला किती वेळ लागतो? अख्खी नवरी सजवली आणि कपाळाला काजळ फासल्यासारखं दिसतंय. किती दिवस मी ह्या एका गोष्टीवरून डोकं खाल्लं. शेवटी पाना खाली ठेवून एकदाच बोलले:

"बाकीची गाडी माझ्या हयगयीने बिघडली, ती मी दुरुस्त केली. दरवाजा माझ्या हयगयीने नाही बिघडला."

खरं सांगते, मला नीट कळलं नव्हतं तेव्हा. मला वाटलं, हट्टीपणा आहे म्हाताऱ्याचा.

मग रुचिताचं लग्न ठरलं. पोरगा मितेश, डोंबिवलीचा, घरचे लोक साधे, पण वजनदार. आमच्यात पहिली पत्रिका कुलदेवीला, दुसरी मामाला. आणि नवरीला मंडपात आणायची ती मामानेच, तो तिच्याबरोबर गाडीत बसून येतो. रीत आहे, त्याला इलाज नाही. मी पत्रिका घेऊन माजिवड्याला गेले, उंबऱ्याच्या आत पाय ठेवला, पण पाणी घेतलं नाही. दादा खूश झाला, त्याला वाटलं बहीण वळली. बोलला, माझी मोठी गाडी पाठवतो, वरचं छत उघडतं, फुलांनी भरून टाकू, व्याह्यांनी बघत राहिलं पाहिजे. मी बोलले, रुचिता तिच्या बापाच्या गाडीने जाणार. मामाला जमत नसेल तर सांग, भटजींना सांगते की नवरीला मामा नाही.

त्याचा चेहरा पडला. अख्ख्या भावकीत बोभाटा झाला असता. जमेल, बोलला.

लग्न कल्याण-शीळ रोडच्या लॉन्सवर होतं. सकाळी दादा कडक इस्त्रीत आमच्या अंगणात आला. हे ड्रायव्हिंगला, मी पुढे, मागे उजवीकडे रुचिता, डावीकडे दादा. गाडी छोटी, दादाचं पोट मोठं. गुडघे छातीला लागलेले. त्यात पत्रीपुलाला ट्रॅफिक जाम. बाजूच्या बसमधून, रिक्षातून लोक वाकून नवरीला बघायचे, मग गाडी बघायचे, मग तो दरवाजा, मग त्या दरवाजाआड बसलेला माणूस. मी आरशातून दादाला बघत होते. मला वाईट वाटलं नाही. मला मजा येत होती, आणि मी ती शेवटच्या थेंबापर्यंत चाटली.

लॉन्सवर पोचलो. सनई चालू, फोटोवाले तयार, मितेशचे वडील तानाजीराव स्वतः गेटवर आलेले. दादाने आतून दरवाजा खेचला, उघडला नाही. परत खेचला. हे शांतपणे उतरले. आधी तानाजीरावांना नमस्कार केला. त्यांच्या वडिलांची विचारपूस केली. डोक्यावरची टोपी सारखी केली. तोपर्यंत दादा आत काचेला हात लावून बसलेला, आणि मामा उतरल्याशिवाय नवरी उतरणार कशी, म्हणून सगळे कॅमेरे त्याच दरवाजावर लागलेले. मग हे गेले आणि अदबीने दरवाजा उघडला.

तानाजीरावांना जुन्या गाड्यांची भारी आवड. गाडीवरून हात फिरवत बोलले की अशी मारुती आजकाल बघायला मिळत नाही, घरी केलीत म्हणजे कमाल आहे. मग त्यांचा हात त्या चेपाशी थांबला. एवढं सगळं केलंत, मग हा दरवाजा का ठेवलात, त्यांनी विचारलं.

हे हसले. "ते आमच्या कुंडलिकशेठना विचारा. त्यांना माहीत आहे."

सगळे दादाकडे बघायला लागले. व्याही, व्याहीण, भटजी, ऋतुराज, माझी हसणारी भावजय. दादाने घाम पुसला.

"जेसीबी लागला."

"कुणाचा?" तानाजीरावांनी सहज विचारलं.

दादा खाली बघत बोलला, "माझा."

एवढं एकच. पुढचा शब्द त्याच्या ओठापर्यंत आलेला, मी बघितला. पण त्याने तो गिळला आणि रुचिताचा हात धरून मंडपाकडे चालायला लागला.

लग्न छान लागलं. पोरगी सासरी गेली, मी रडले, हे माझ्यापेक्षा जास्त रडले. आणि थोड्या दिवसांनी आमच्या अंगणात दादाचा पिकअप येऊन थांबला. मागे गोणपाटात गुंडाळलेला गाडीचा दरवाजा. नवा कोरा. आता ह्या गाडीचे भाग कुठे मिळत नाहीत, त्याने कुठून तरी शोधून आणलेला, म्हणजे हिंडला असणार. शेवटी भाऊ आहे, एका ताटात जेवलोय. मी मनात बोलले, आता बोल दादा, आता बोललास तर मी आत्ता तुला ओवाळते, दिवाळीची वाट बघत नाही.

दरवाजा त्याने ओट्याला टेकवून ठेवला. "भिवा, बसवून घे. फिटर पण पाठवतो."

मी विचारलं, "अजून काही बोलायचंय, दादा?"

"अजून काय? दरवाजा दिला ना."

माझ्या जिभेवर शिवी आलेली. पण त्याआधी हे उठले, दरवाजा हातात घेतला, उलटा सुलटा बघितला, काच वर-खाली करून बघितली.

"चांगला आहे, शेठ," हे बोलले. "कोंबड्यांच्या खुराड्याला होईल."

चहा गॅसवर होता, तो न घेताच दादा निघाला. पिकअप गेला तेव्हा ह्यांनी बिजागऱ्या शोधायला घेतल्या, आणि संध्याकाळपर्यंत दरवाजा खुराड्याला बसला पण. काच अर्धी खाली ठेवली की कोंबड्यांना वारा लागतो.

आता दादाच्या पोरीचं, दर्शनाचं लग्न आहे. पत्रिका आली, त्यात जावई म्हणून ह्यांचं नाव पहिलं घातलंय. मी विचारत होते, कुठली साडी नेसू. हे गाडी पुसत होते, मान वर न करता बोलले, हळदीला जरा लवकर निघू, म्हणजे डावी बाजू मंडपाकडे करून लावता येईल.